खालून वर वाचायचा दगड

मंगळवारी आणि गुरुवारी मी लोकांना युद्ध समजावून सांगते, तेही फुकट. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर एक म्युझियम आहे. तिथे जुन्या युरोपातली चिलखतं, तलवारी, भाले, घोड्याच्या तोंडावर बांधायचे पत्रे असं सगळं मांडलेलं आहे. रिटायर झाल्यावर मी तिथे डोसंट झाले. डोसंट म्हणजे बिनपगारी गाइड. शाळांच्या पिवळ्या बस येतात, चौथी-पाचवीची पोरं उतरतात, आणि पाच फूटसुद्धा न भरणारी, फ्लीसचं जाकीट घातलेली एक मराठी बाई त्यांना सांगते की हे चिलखत घालून माणूस पळू शकायचा आणि पडला तर आपला आपण उठू शकायचा. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. याच्यात शू कशी करायची? मी खरं ते सांगते. आधी करून यायची, आणि लढाई लांबली तर आतच.

एका चिलखताच्या छातीवर खळगा आहे. तो लढाईतला नाही. कारागिराने विकण्याआधी स्वतःच त्याच्यावर गोळी झाडून पाहिली आणि गिऱ्हाइकाला दाखवायला तो खळगा तसाच ठेवला. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, त्यामुळे तो खळगा मला फार आवडतो. तपासलेलं नाही ते बोलायचं नाही, हा माझा स्वभाव आहे, आणि त्यापायी मी चारचौघांत पुष्कळदा वाईट ठरलेली आहे.

हे सगळं सांगायचं कारण माझा मुलगा. पण त्याच्याआधी एका दगडाबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या क्युरेटरने मला तळघरातल्या स्टोअरेजमध्ये बोलावलं. ती तिशीतली, हुशार मुलगी. तिचा अभ्यास मध्ययुगीन युरोपचा, भारताचा नव्हे, आणि तसं कबूल करायला ती लाजत नाही. युद्ध आणि स्मरण असं नवं दालन काढायचं चाललं होतं. करड्या फोमवर आडवा ठेवलेला कमरेएवढा काळा दगड तिने मला दाखवला. कुणा श्रीमंत घराने बागेत ठेवायला म्हणून केव्हातरी भारतातून आणलेला आणि पुढे म्युझियमला देऊन टाकलेला. नोंद एवढीच की आकृती कोरलेली शिळा, बहुधा दख्खनची.

मी बघताक्षणी ओळखलं. ती वीरगळ होती. माझ्या माहेरच्या गावी मारुतीच्या देवळामागे अशा दोन-तीन वीरगळी उभ्या होत्या. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून गावाने उभा केलेला दगड तो. पण तो माणूस कोण, कधी मेला, कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. अमावस्येला बायका तेल घालायच्या, लग्न झालेलं जोडपं पाया पडायला यायचं, आणि आम्ही पोरं एरवी त्यांच्यावर पाय सोडून बसायचो. कुणीतरी म्हातारी ओरडली की उठायचो. मी सवयीने हात पुढे केला तर क्युरेटरने मला निळे हातमोजे दिले.

दगडावर एकावर एक चार चौकटी होत्या. सगळ्यात खाली एक माणूस आडवा पडलेला, मेलेला, आणि त्याच्या पायाशी गाई. त्याच्या वरच्या चौकटीत तोच माणूस ढाल-तलवार घेऊन लढतोय. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतायत. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्यांचा अर्थ. नाव मात्र कुठेच कोरलेलं नव्हतं.

क्युरेटरने पाटीचा मजकूर लिहून ठेवला होता, आणि तो साफ उलटा होता. तिने दगड वरून खाली वाचला होता, आपण पान वाचतो तसा. तिच्या हिशेबाने हा एक धार्मिक राजा. आधी देवाची पूजा करतो, मग नाचणाऱ्या बायकांत रमतो, मग युद्धाला जातो आणि शेवटी मरतो. मी हसले. म्हटलं, बाई, वीरगळ खालून वर वाचतात. दगडाला या माणसाच्या जगण्याशी काही कर्तव्य नाही, तो मेला तिथून त्याची गोष्ट सुरू होते. तिला वाईट वाटलं नाही, उलट तिने पाटीचं कामच माझ्या गळ्यात घातलं. ऐंशी शब्दांच्या वर जायचं नाही, एवढीच अट घातली.

मी खुशीत घरी आले. जूनमध्ये एका रविवारी दुपारी आमच्या मुलाने सांगितलं की तो आर्मीत जातोय.

मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. स्टेट कॉलेजला कॉम्प्युटरचं शिकून आला होता, चांगली नोकरी होती, घरूनच काम करायचा. आम्ही तिघं जेवत होतो. डब्यातला आमरस होता. तो म्हणाला, "मला तुम्हाला सांगायचंय काहीतरी. मी आर्मी जॉइन करतोय."

"कुठली आर्मी?" त्याच्या बाबांनी विचारलं. आपल्याला निवड करायला पाच-सहा असल्यासारखं.

"यूएस आर्मी, बाबा. टेस्ट झाली. ऑगस्टमध्ये बॉस्टनला मेडिकल आहे, मग साइन करायचं."

बाबांनी चमचा वाटीत ठेवला, उठले आणि मागच्या अंगणात टोमॅटोंना पाणी घालायला गेले. पाऊस नुकताच पडून गेला होता. मी "आमरस घे अजून" म्हणाले, कारण दुसरं काही सुचेना.

आमच्या गावात मराठी घरं बरीच आहेत. दर वर्षी मिडल स्कूलचा कॅफेटेरिया भाड्याने घेऊन आम्ही जयंती साजरी करतो. पुठ्ठ्याचे बुरूज, पुठ्ठ्याच्या तलवारी, फेटे बांधलेले हृदयरोगतज्ज्ञ, छाती फुगवून म्हटलेले पोवाडे. मुलांची भाषणं मीच लिहून देते, अगदी वीरश्रीची. पण त्या सगळ्या घरांतून एक पोर कधी सैन्यात गेलं नव्हतं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. आमची बातमी कळली तेव्हा मैत्रिणींचे फोन आले ते घरात कुणी आजारी पडल्यावर येतात तसे. एकीने तर हळूच विचारलं, "अगं, पण त्याचा जॉब होता ना चांगला?" मला राग आला. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

पुढच्या शनिवारी ग्रोसरीला जाताना नवरा गाडीत म्हणाला, "त्याला दमा आहे."

"हं."

"त्यांना माहीत नसणार. मोठेपणी दमा असेल तर घेत नाहीत ते. मी वाचलं."

त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि ती आमची करणी. मुलाला लहानपणापासून धाप लागायची. माझे थोरले दीर नाशिकला छातीचे डॉक्टर. दर उन्हाळ्यात तेच तपासायचे, आणि वर्षभराचे इनहेलर आम्ही तिकडूनच बॅगेत घालून आणायचो. इथल्या प्रत्येक मराठी घरात तिकडच्या औषधांचा एक खण असतो. तापाची गोळी, पोटाची गोळी, खोकल्याचं पातळ, डोळ्यांचे थेंब. इथे डॉक्टरकडे जा, इन्शुरन्सशी भांडा, त्यापेक्षा भाऊजी बरे. त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याही डॉक्टरने माझ्या मुलाच्या नावापुढे दमा हा शब्द कधी लिहिलाच नाही. आम्हाला तो आमचा शहाणपणा वाटायचा.

"एक फोन," नवरा म्हणाला. "संपलं सगळं."

"मग करा."

"मी केला तर तो जन्मभर माझं तोंड बघणार नाही. तू आई आहेस. तुला माफ करेल."

"म्हणजे बंदूक माझ्या खांद्यावर."

भाजी घेतली, दूध घेतलं, घरी आलो. भरती करणाऱ्या सार्जंटचं कार्ड फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं होतं, मुलानेच लावलेलं. त्या आठवड्यात मी ते कितीदा तरी काढलं आणि परत लावलं. मला फोन करायचा होता. त्यात तत्त्वाबित्त्वाचा काही प्रश्न नव्हता. मला माझा मुलगा घरात हवा होता, आणि तो घरात ठेवण्याची ताकद एका फोनमध्ये होती. इतिहासातल्या कुठल्या आईला असा फोन मिळाला असेल, असंही मनात येऊन गेलं.

दिवसा मी पाटी लिहायचा प्रयत्न करत होते. लिहायला फोटो बघावे लागतात म्हणून दुसऱ्या वीरगळींचे फोटो काढून बसायची. आणि तेव्हा मला तो मेलेल्याच्या डोक्याशी बसलेला माणूस दिसायला लागला. आमच्या दगडाच्या खालच्या चौकटीत, आडव्या पडलेल्या वीराच्या उशाशी एक आकृती होती. झिजून गुळगुळीत झालेली. बसलेली आहे आणि एक हात पुढे आहे, एवढंच कळत होतं. एप्रिलमध्ये मी तिच्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

मी क्युरेटरला विचारलं, "ही कोण?"

तिने भिंग लावून पाहिलं. "सेवक असेल. किंवा शत्रू, अजून वार करणारा."

"आई असेल का?"

"पुरावा?" तिने विचारलं. अगदी मी विचारते तसंच.

पुरावा नव्हता. मी वाचलं तेवढं वाचलं, पाहिले तेवढे दगड पाहिले. गाई सगळीकडे. अप्सरा, पुजारी, शत्रू, घोडे, एखाद्या दगडावर कुत्रासुद्धा. सती गेलेल्या बायकोचा बांगड्या भरलेला हात वेगळ्या दगडावर. गावाने मेलेल्याच्या घराला जमीन दिल्याचे काही ठिकाणचे लेख. पण ही आई आहे असं खात्रीने म्हणता येईल अशी एक बाई मला कुठे सापडली नाही. मला त्याचा इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन बसले. त्या माणसाला कुणीतरी जन्म दिला होता. तो मेल्याचं तिला कुणीतरी येऊन सांगितलं असेल. गावाने दगडाला पैसे घातले, पाथरवटाने चार चौकटी कोरल्या, आणि तिला त्यात चार बोटं जागा मिळाली नाही.

मी पाटीत लिहिलं: वीराच्या डोक्याशी एक व्यक्ती बसलेली आहे, ती कोण हे सांगता येत नाही. जास्त काही लिहिण्याचा मला हक्क नव्हता.

जुलैत दगड वर दालनात उभा केला. दालन अजून उघडलं नव्हतं. त्या मंगळवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून मुलगा मला न्यायला आला. मी म्हटलं, "पाच मिनिटं आत ये. तुला एक दाखवायचंय."

तो दगडासमोर उभा राहिला आणि अर्थातच वरून वाचायला लागला. "सो, ही इज प्रेइंग," तो म्हणाला. "मग या एंजल्स आहेत का? मग फाइट. आणि मग... ओके. मग तो मेला."

शाळेतल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या वाक्यालाच थांबवते, आणि त्या दिवशी गप्प उभी राहिले. तो बराच वेळ खालच्या चौकटीकडे बघत होता. मला वाटलं, लागतंय कुठेतरी. मग त्याची नजर बाजूच्या पाटीवर गेली. त्याने ती वाचली.

"आई, हे तू लिहिलंस?"

"हो."

"इट सेज, स्टार्ट ॲट द बॉटम."

"हो."

"मग मी उलटं वाचत होतो तेव्हा तू काही बोलली का नाहीस?"

"कारण मला तुझी गोष्ट तशीच दिसते," मी म्हणाले. "वरून खाली. मांडीवर होतास तिथून."

तो रागावला नाही. दगडापुढे उकिडवा बसला आणि खालून सुरुवात केली. "फॉर काउज?" त्याने विचारलं. "गाईंसाठी मेला?"

आता मी डोसंट झाले, मला राहवलं नाही. गाई म्हणजे गावाचं सगळंच, मी सांगितलं. दूध त्यांचं, शेण त्यांचं, औताचे बैल त्यांच्याच पोटचे. लुटारूंनी जनावरं हाकून नेली की पुढच्या वर्षी गाव उपाशी. राजाचं सैन्य येईपर्यंत वाट बघायला वेळ नसायचा, त्यामुळे जे असतील ते मागे धावायचे. गुराखी असेल, कुंभार असेल, वेशीवरचा राखणदार असेल.

"सो समबडी हॅड टू गो," तो म्हणाला.

माझेच शब्द माझ्या गळ्यात पडले. आणि मग तो बोलला. महिनाभर बोलला नव्हता ते बोलला. कॉलेजमधला त्याचा रूममेट, पेनसिल्व्हेनियातल्या, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका गावचा. थँक्सगिव्हिंगला एकदा आमच्याकडे आला होता, आणि त्याचं खाणं बघून मी याच्या पोटात विहीर आहे म्हणाले होते. फी भरायला पैसे नाहीत म्हणून त्याने सैन्याशी करार केला होता. शिक्षण संपल्यावर माझा मुलगा घरी बसून नोकरी करायला लागला आणि तो पोरगा गेला कुठल्यातरी वाळवंटात.

"ही इज नॉट ब्रेव्हर दॅन मी, आई. तो फक्त गरीब होता. आणि तुम्ही लोक दर वर्षी ते तलवारींचं करता. मला पण फेटा बांधायचीस तू. मग कुणाचा मुलगा जातो? नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी. मला ते सहन होत नाही आता."

तो म्हणत होता ते खरं होतं. पण माझ्याकडे दुसरं एक खरं होतं, आणि मी ते काढलं.

"तू त्यांना दम्याचं सांगितलंस?"

तो उठून उभा राहिला. "ते गेलंय कधीच."

"फेब्रुवारीत बर्फ काढताना तू फावडं टाकून गाडीत जाऊन बसलास. दार लावून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. भाऊजींनी दिलेला पंप तुझ्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये आहे."

त्याने खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"तुझ्या बाजूला कुणी पडला," मी म्हणाले, "आणि त्याला ओढत न्यायची वेळ आली, आणि तुला धाप लागली, तर? त्यालाही आई असेल."

खरं सांगते, त्या आईचा विचार मला त्या क्षणापर्यंत शिवलाही नव्हता. मी माझ्यासाठी भांडत होते, आणि हाताला लागलं ते उचलून मारलं. पण तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे खरं आहे. त्याच्याही आलं. त्याचा चेहरा पडला.

"तू फोन करणार आहेस का त्यांना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणू शकत होते. धमकी पुरली असती.

"नाही," मी म्हणाले. "सांगायचं तर तूच सांगायचंस."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी गप्प बसेन."

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं, हातातलं एकुलतं एक शस्त्र मी टाकून दिलं होतं. मुलगा रोज सकाळी तळ्याच्या बाजूने पळायला जायचा. परत येऊन जिना चढायचा तेव्हा मी गॅस बारीक करून त्याचा श्वास ऐकत उभी राहायची. कधी साफ असायचा. कधी शेवटाला बारीकशी शिट्टी वाजायची, आणि मग माझा मलाच प्रश्न पडायचा की मला ती शिट्टी वाजायला हवी आहे की नको. देवापुढे दिवा लावताना काय मागावं तेही कळेनासं झालं होतं. मी नुसता दिवा लावायची.

ऑगस्टमध्ये, मेडिकलच्या आदल्या आठवड्यात, तो सकाळी खाली आला आणि म्हणाला, "आई, राइड देशील? रिक्रूटरकडे जायचंय."

त्याची स्वतःची गाडी दारात उभी होती. मी विचारलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. रूट नाइनवर सिग्नलला थांबलो तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. मी रेडिओ लावला आणि बंद केला. ते ऑफिस एका स्ट्रिप मॉलमध्ये होतं, नखं रंगवायचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधे. "मी आत येऊ?" मी विचारलं. त्याने मान हलवली आणि एकटाच गेला.

मी गाडीत बसून राहिले. लाँड्रीतून एक बाई कपड्यांच्या पिशव्या आणून गाडीत भरत होती, तिचं लहान पोर तिच्या पायात पायात करत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. तो आत काय सांगेल हे मला खरंच माहीत नव्हतं. कदाचित काहीच सांगणार नसेल, एखादी सही राहिली असेल. मी स्टीअरिंगला धरून बसले होते.

तो बाहेर आला, दार उघडलं, बसला, पट्टा लावला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाला तो?"

"थँक यू म्हणाला. बहुतेक जण सांगत नाहीत म्हणाला. अर्ज करता येतो, सूट मागता येते, पण डोंट गेट युअर होप्स अप." त्याने समोरच्या काचेकडे बघत हे सगळं एका आवाजात सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

मला वाटत होतं की मी चेहरा नीट ठेवला आहे. मी ओठ घट्ट मिटले होते, भुवया दुःखी माणसाच्या असतात तशा करायचा प्रयत्न केला होता. पण आईचा चेहरा चोवीस वर्षं बघितलेल्या मुलाला काय फसवणार.

"आर यू हॅपी?" त्याने विचारलं. टोचून नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याचं सगळं मोडलं होतं, आणि ते त्याने स्वतः खरं बोलून मोडून घेतलं होतं. त्याच्या शेजारी बसून मला 'नाही' असं सांगता आलं असतं. मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही, पण एवढं खोटं कुठल्याही आईला माफ झालं असतं.

"हो," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. खिशातून फोन काढला आणि काहीतरी टाइप केलं. कुणाला, असं मी विचारलं.

"त्याच्या आईला. रूममेटच्या. ती मला दर रविवारी टेक्स्ट करते, त्याचं काही कळलं का म्हणून. मी पण जातोय म्हणून सांगितलं होतं तिला. आता जात नाहीये, असं कळवलं."

आम्ही अजून पार्किंगमध्येच होतो. फोन लगेच वाजला. त्याने वाचलं, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग स्क्रीन माझ्याकडे केली. त्या बाईने लिहिलं होतं की देवाची कृपा. तुझ्या आईला सांग, मला तिच्यासाठी फार आनंद झाला.

मी ते वाचलं. मग परत वाचलं. तिचा मुलगा वर्षभर माझ्या मुलाच्या खोलीत राहिला होता, माझ्या घरी जेवून गेला होता, आणि त्याला कुणी आई आहे, ती कुठे राहते, काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

त्याने सांगितलं.